विनंत्यांची वही

शुक्रवारी साडेपाचला
भायखळ्याच्या चर्चमागची खोली उघडते.
चावी माझ्याकडे असते, आणि वही:
लांब, लाल कापडी पाठीची,
मागच्या पानांवर चहाची वर्गणी,
पुढच्या पानांवर विनंत्या.

दीपांजलीच्या आईचा गुडघा.
नोएलची मॅथ्सची केटी, तिसऱ्यांदा.
लालरिनाला ऐझॉलचं तिकीट, निदान नाताळाला तरी.
कुणाच्या तरी भावाची दारू
(नाव लिहू नकोस).
एलीशा ओहोळपुढे दर आठवड्याला: काही नाही.

तो शेवगावचा, सिव्हिलचा डिप्लोमा करणारा,
कोपऱ्यातल्या कॅरमबोर्डाला टेकून बसायचा.
गाण्यात त्याचा आवाज ऐकू यायचा नाही,
पण ओठ बरोबर हलायचे.

मग तो तीन शुक्रवार आला नाही.
पहिल्या शुक्रवारी मी त्याचं नाव विनंत्यांत घातलं.
दुसऱ्या शुक्रवारी आम्ही उभं राहून प्रार्थना केली,
बरीच लांब, चांगल्या शब्दांची;
नोएलने डोळेसुद्धा पुसले.
मी नावापुढे बरोबरची खूण केली.

तिसऱ्या शुक्रवारी झेल्मा तुस्कानो
(वसईची, कॅथलिक,
मी चहासाठी येते असं स्वतःच सांगणारी)
कप खाली न ठेवता म्हणाली,
"त्याच्याकडे कुणी जाऊन आलं का?"

पंखा फिरत राहिला.
गिटारला पाचच तारा आहेत
हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

माझगाव, चौथा मजला, सामाईक गॅलरी.
चटई, उशाला घडी केलेली पँट,
वेगळं काढलेलं ताट.
खोलीतल्या चौघांनी त्याला बाहेर झोपवलं होतं.
वाईट नव्हती ती मुलं, घाबरली होती.
टीबी हा शब्द एलीशाने असा सांगितला
जसा थकलेल्या फीचा आकडा सांगावा,
खाली बघून.

झेल्माने तिथेच वही मागितली,
चहाच्या हिशोबाखाली वार पाडले.
सोमवार नोएल, पेज.
बुधवार लालरिना, अंडी,
सोबत तिची ती चटणी जी आम्हाला कुणालाच सोसत नाही.
गुरुवार मेसमधला सर्फराज:
"प्रार्थना तुमची तुम्ही बघा, पायासूप माझ्याकडे लागलं."
मंगळवार मी.

पहिल्या मंगळवारी मी डबा जिन्याच्या तोंडाशी ठेवला,
मास्कवर रुमाल बांधून,
लांबूनच म्हणालो, देव तुला बरं करो,
आणि चारही मजले श्वास रोखल्यासारखा उतरलो.
हे वहीत कुठेच नाही.

दुसऱ्या मंगळवारी तो म्हणाला,
"थांब जरा. वारा आहे. कोपरा धर."
फरशीवर ड्रॉइंग शीट पसरलेली,
एका लहान पुलाचा उभा छेद,
सबमिशन शनिवारी.
मी गुडघ्यांवर बसलो.
एक तळवा इकडे, एक तिकडे.
तो रेघ ओढायचा,
कठड्याकडे तोंड फिरवून खोकायचा,
पुन्हा तिथूनच ओढायचा.
पाऊण तास.
इतका वेळ गुडघ्यांवर
मी आजवर कुठल्याच वेदीपुढे नव्हतो.
पुलाचा एक खांब जरा तिरका आला,
वारा नव्हता तेव्हा, माझाच हात हलला.
त्याने खोडला. काही बोलला नाही.

दोन महिन्यांनी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर,
तो खोलीत आला, कॅरमला टेकला.
वही फिरत फिरत त्याच्याकडे गेली
आणि बराच वेळ परत आली नाही.

आली तेव्हा "काही नाही" खोडलेलं होतं.
खाली ड्रॉइंगच्या सुबक अक्षरांत:
शेजारच्या घागबाईंना
खालच्या नळाचं पाणी चौथ्यावर नेववत नाही.
संध्याकाळी सातला येतं.
मला अजून जड उचलायची मनाई आहे.

मी वाचून दाखवलं. सगळे उभे राहिले,
डोळे मिटले, नोएलने घसा साफ केला.
मी एक डोळा किंचित उघडा ठेवला होता:
सात वाजायला वीस मिनिटं,
आणि झेल्मा दाराशी वाकून
आपली दुसरी चप्पल शोधत होती.